घरात एस-१९ मायनर लावायचा आहे – वायरिंग, लोड आणि बिलाबद्दल मार्गदर्शन हवं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मेव्हण्याने पुण्यातलं ऑफिस आवरलं. तिथे पडून असलेला एक अँटमायनर एस-१९ तो मला देतोय. हे बिटकॉइन काढायचं (मायनिंगचं) मशिन, आकडेमोडीचा वेग म्हणजे हॅशरेट ९५ टेराहॅश. पैसे मागत नाही, फक्त "वापरणार असशील तरच ने" म्हणाला. मी नाशिकरोडला राहतो, तिसरा मजला, स्वतःचा फ्लॅट. किचनमागे ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशिनसाठी १६ अँपिअरचा पॉइंट आहे, आतली वायर अडीच एमएमची आहे असं बिल्डरच्या कागदावर लिहिलंय. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत, त्या पॉइंटला १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप तुटणारा स्विच) आहे. मीटर सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट.

मशिनवर ३२५० वॅट लिहिलंय. मागे पॉवर सप्लायला दोन सॉकेट आहेत, म्हणजे दोन केबल लागणार. मेव्हणा म्हणतो, गीझर चालतो त्या पॉइंटवर हेही चालेल. मला तेवढा विश्वास वाटत नाही म्हणून इथे विचारतोय.

याच पॉइंटवर चालेल का? नसेल तर नवीन लाइन कशी ओढायची? आवाज आणि उष्णता किती? आणि महिन्याचं बिल साधारण किती येईल? क्रिप्टो चांगलं की वाईट ही चर्चा दुसऱ्या धाग्यावर खूप झाली आहे, इथे कृपया मशिनबद्दलच बोलू.

तारमास्तर

गोदाकाठ, विचारलंत हे फार बरं केलंत. मी सांगलीत इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे. क्रिप्टोतलं मला काही कळत नाही, पण ३२५० वॅटचा लोड चोवीस तास म्हणजे काय ते चांगलं कळतं. सविस्तर लिहितो.

३२५० ला २३० ने भागा, १४.१ अँपिअर आले. मेव्हणे म्हणतात तसं १६ च्या पॉइंटमध्ये १४ बसतात, पण हा हिशेब कागदावरचा. गीझर वीस मिनिटं चालतो, थर्मोस्टॅट तुटतो, प्लग थंड होतो. तुमचं मशिन बंदच होणार नाही. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सतत १४ अँपिअरला गरम राहतात, गरम राहून सैल होतात, सैल झाल्या की आणखी गरम होतात. आधी प्लगची एक पीन तपकिरी होते, मग सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळका वास येतो. लोक वास आल्यावर फोन करतात. तोवर आत वायरीचं इन्सुलेशन चार-पाच इंच कडक होऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट, व्होल्टेज. असले पॉवर सप्लाय वॅट कायम ठेवतात. म्हणजे संध्याकाळी तुमच्याकडे २१० व्होल्ट आले तर मशिन कमी खात नाही, उलट करंट वाढवून १५.५ अँपिअर ओढतं. जुन्या बल्बसारखं मंद होत नाही. २०० च्या खाली गेलं तर तो सप्लाय चालण्यासाठी बनवलेलाच नाही, तो बंद-चालू होत राहील.

तिसरी, एमसीबी. तिच्यावरचा १६ हा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये डीबीच्या पेटीत, शेजारी दुसऱ्या एमसीबी तापलेल्या असताना, ती १६ ला टिकणार नाही. दुपारी ट्रिप होईल. मग कुणीतरी म्हणेल "२५ ची टाकून दे". हे मात्र अजिबात करू देऊ नका. एमसीबी वायरीचं रक्षण करते, मशिनचं नाही. भिंतीतली वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर ट्रिप होणं थांबेल आणि वायर जळेल.

करायचंच असेल तर असं करा. डीबीपासून थेट वेगळी लाइन, ४ एमएम तांब्याची, फेज-न्यूट्रल दोन्ही ४ एमएम. अर्थिंगची वायरही वेगळी ओढा, प्लंबिंगच्या पाइपाला जोडू नका. मध्ये कुठेही जोड नको. डीबीत २० अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी, आणि तिच्या आधी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की तोडणारा स्विच) नसेल तर ती बसवा. बाल्कनीत एकाऐवजी दोन १६ अँपिअर सॉकेट, चांगल्या कंपनीचे. मशिनला दोन केबल आहेत ना, त्या एकेका सॉकेटला. मग प्रत्येक प्लगमधून ७ अँपिअरच जातात आणि प्लग तापण्याचा प्रश्नच मिटतो. दोन्ही केबल एका मल्टिप्लगमध्ये खुपसल्या तर सगळ्या कामावर पाणी पडेल.

केबलींकडेही बघा. मॉनिटरला येते ती काळी केबल दिसायला अगदी तशीच असते, मशिनमध्ये बसतेही. पण तिच्यात ०.७५ एमएमची बारीक तार असते आणि दुसऱ्या टोकाला ६ अँपिअरचा प्लग. ती वापरू नका. दीड एमएमची, १६ अँपिअर प्लगवाली मागून घ्या. केबलीवरच छापलेलं असतं.

कोकणस्थ_नव्हे_कोकणी

वाचतोय. चांगला धागा.

पाऊलवाट

एक शंका. चांगल्या कंपनीचं, जाड वायरीचं एक्स्टेन्शन बोर्ड घेतलं तर? माझ्याकडे १६ अँपिअर लिहिलेलं आहे.

तारमास्तर

पाऊलवाट, त्याच्या आतला स्विच आणि पट्ट्या बघितल्यात तर उत्तर मिळेल. इस्त्रीला ठीक आहे. सतत लोडला एक्स्टेन्शन बोर्ड नाहीच.

हिशेबी

बिलाबद्दल विचारलंय म्हणून आकडे मांडतो. कुणाला परावृत्त करायचा हेतू नाही, पण हे आकडे बघितल्याशिवाय वायर विकत घेऊ नका.

३.२५ किलोवॅट गुणिले २४ म्हणजे रोज ७८ युनिट. महिन्याला २३४०. तुमचा घरचा वापर समजा २०० ते ३०० युनिट असेल. म्हणजे मशिनची जवळजवळ सगळी युनिटं महावितरणच्या ५०० च्या वरच्या टप्प्यात पडणार, जो सगळ्यात महाग आहे. वर वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोयीसाठी सरसकट १५ रुपये युनिट धरू. महिन्याला ३५,१०० रुपये.

आता कमाई. मशिनं आकडेमोड करून व्यवहारांचा एकेक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, पक्का करतात आणि त्याचं बक्षीस मिळतं. २० एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर (बक्षीस निम्मं झालं त्यानंतर) दर ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, दिवसाला १४४, म्हणजे सगळ्या जगात मिळून रोज साधारण ४५० नवीन बिटकॉइन. त्यात तुमचा वाटा तुमच्या हॅशरेटच्या प्रमाणात. जगाचा एकूण हॅशरेट समजा ८०० एक्साहॅश धरला (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश), तर तुमचे ९५ टेराहॅश म्हणजे सुमारे ८४ लाखांत एक भाग. रोज साधारण ५,३४० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग). बिटकॉइनचा भाव समजा ८० लाख धरला तर रोज ४२७ रुपये. महिन्याला १२,८००. पूलची (अनेकांनी मिळून मायनिंग करायच्या गटाची) फी यातून जाईल, व्यवहार शुल्काचा थोडा वाटा यात येईल, ते सोडून द्या.

भाव आणि हॅशरेट रोज बदलतात, तुम्ही त्या दिवसाचे आकडे घालून बघा. पण माझ्या मते एकच आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ४२७ भागिले ७८, म्हणजे एक युनिट जाळून हे मशिन ५.४७ रुपये मिळवतं. तुमचं युनिट १५ चं. मशिन फुकट मिळालं म्हणून यात काहीच फरक पडत नाही, कारण तोटा चालवण्यात आहे.

गोदाकाठ

तारमास्तर, हिशेबी, दोघांचेही मनापासून आभार. बिलाचा अंदाज मी दहा-बारा हजार धरला होता. ३५ हजार हा आकडा बायकोला सांगायची गरजच पडली नाही, ती शेजारी बसून वाचत होती.

एक विचार आहे. सिन्नरला आई-वडिलांचं घर आहे, गच्ची मोकळी. तिथे सोलर बसवून हे चालवलं तर? वीज फुकट पडली तर ५.४७ हा निव्वळ फायदाच ना?

गच्चीवरचा_सूर्य

माझ्याकडे ३ किलोवॅटचं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते, ती मिळाली. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात. पावसाळ्यात ते कमी होतात, एप्रिल-मेमध्ये थोडे वाढतात. तुम्हाला रोज ७८ युनिट हवेत, म्हणजे साधारण २० किलोवॅटचे पॅनेल. घरगुती गच्चीवर ते मावणंच अवघड.

फक्त दिवसाचे आठ तास चालवलं तर २६ युनिट, साडेसहा किलोवॅट. तेवढं जमेल. पण मग बघा, नेट मीटरिंगमध्ये तुमचं प्रत्येक सोलर युनिट घरच्या बिलातलं एक युनिट कमी करतं. वरच्या टप्प्यात असाल तर १५ रुपयांचं युनिट वाचतं. ते सोडून ते मशिनला घालून ५.४७ मिळवायचे, हे गणित उलटं आहे. वीज फुकट नाही, तिचा दुसरा उपयोग जास्त किमतीचा आहे.

ज्यांचं सोलर घरच्या वापरापेक्षा मोठं आहे आणि वर्षअखेरीला युनिट शिल्लक उरतात, त्यांच्यासाठी वेगळा विचार होऊ शकतो. उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव किरकोळ असतो. पण असं घर मी माझ्या ओळखीत पाहिलेलं नाही. सोलर आलं की एसी येतो, मग इंडक्शन येतं, आणि शिल्लक संपते.

लेखापाल

हिशेबींच्या ५.४७ वर आयकराचा भाग राहिला. १ एप्रिल २०२२ पासून कलम ११५बीबीएच लागू झालं. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. तुमचं उत्पन्न कुठल्या स्लॅबमध्ये आहे याला अर्थ नाही. यात वजावट मिळते ती फक्त घेतलेल्या किमतीची. आणि मायनिंगसाठी केलेला यंत्रसामग्रीचा खर्च ही 'घेतलेली किंमत' धरता येणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात स्पष्ट केलं आहे. मशिन, वायरिंग, पंखे, काहीच वजा होत नाही. विजेचं बिलही वजा करण्याच्या भरवशावर हिशेब करू नका.

म्हणजे ५.४७ चे हातात राहतात ३.७६. एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून किंवा पगारातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, १ जुलै २०२२ पासून. तो रिटर्न भरताना जमा मिळतो, पण रिटर्नमध्ये त्यासाठीचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. ते न भरता नुसता टीडीएस मागणारे बरेच लोक माझ्याकडे येतात. नोटीस नंतर येते.

तारमास्तर

वर एक गोष्ट लिहायची राहिली ती मंजूर भाराची. ३ किलोवॅट मंजूर, मशिन एकटंच सव्वातीन. त्यात फ्रीज, गीझर, मिक्सर. इलेक्ट्रॉनिक मीटर सगळ्यात जास्त मागणी नोंदवून ठेवतो. आधी भार वाढवून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. मीटरपासून तुमच्या डीबीपर्यंत येणारी वायर कितीची आहे तेही तपासा. जुन्या इमारतींत मीटर खोलीतून वर ४ एमएम आलेली असते, काही ठिकाणी ॲल्युमिनिअम. आतली लाइन नवी करून मागची तशीच ठेवली तर भार मीटर खोलीत तापणार, जिथे कुणाचंच लक्ष नसतं.

आणि घरगुती जोडणीवर धंदा म्हणून दोन-चार मशिनं लावायचा विचार कुणाचा असेल तर विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ वाचा. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली असं ठरलं तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

मोन्ट्रियलकर_ताई

गेली काही वर्षं क्युबेकमध्ये आहोत. आमच्या बेसमेंटमध्ये एस-१९ आहे आणि आम्ही तो आवडीने चालवतो, म्हणून दुसरी बाजू सांगते.

इथे बहुतेक घरं विजेच्या हीटरने गरम होतात. भिंतीलगत लांब पट्टीसारखे हीटर असतात. वीज जलविद्युत, म्हणून स्वस्त. ३२५० वॅटचा हीटर जेवढी उष्णता देतो तेवढीच ३२५० वॅटचा मायनर देतो, शास्त्राने दोन्हींत फरक नाही. मग हिवाळ्यात जो खर्च हीटरवर होणारच आहे तो मायनरवर करायचा, सातोशी वरचे. आम्ही मशिनच्या मागे आठ इंची डक्ट लावून गरम हवा वरच्या मजल्यावर सोडली आहे. बाहेर उणे वीस असताना हॉलमध्ये नुसत्या स्वेटरवर बसता येतं. एप्रिल संपता संपता मशिन बंद करतो.

ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांना हेही परवडत नाही. हीट पंप एका युनिटात दोन-तीन युनिटांची उष्णता आत आणतो, मायनर एकात एकच.

वायरिंगबद्दल तारमास्तर म्हणतात ते इथे नियमातच आहे. सतत लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आमची लाइन २४० व्होल्ट, २० अँपिअर, म्हणजे १६ पर्यंत सतत चालेल, मशिन घेतं साडेतेरा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, कारण घराच्या विम्याच्या वेळी ते विचारतात. नाशिकला मात्र ही उष्णता कुठे घालवणार?

हिशेबी

ताईंच्या प्रश्नाचा आकडा: ३२५० वॅट म्हणजे तासाला ११,००० बीटीयूच्या आसपास. एक टनाचा एसी १२,००० बीटीयू काढतो. म्हणजे बंद खोलीत ठेवलं तर एक टनाचा एसी चोवीस तास चालवून खोली कशीबशी जशीच्या तशी राहील. तो एसी स्वतः आणखी किलोवॅटभर खाईल.

ब_विंग_सचिव

सोसायटीच्या बाजूने बोलतो. मी नाशिकचा नाही, ठाण्याचा. आमच्याकडे एका सभासदाने डक्टच्या बाजूच्या बाल्कनीत असंच मशिन लावलं होतं. हे मशिन ७५ डेसिबल आवाज करतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्री मर्यादा ४५ डेसिबल. कागदावर ३० चा फरक वाटतो, पण प्रत्यक्षात तो बारीक, एकसुरी, कधीच न थांबणारा आवाज असतो. ड्राय बाल्कनी डक्टमध्ये उघडते, तो आवाज वर-खाली सहा मजले जातो. आमच्या इथे वरच्या मजल्यावर एक आजी होत्या, त्यांना झोप लागेना. त्यांना कळेना की आवाज कशाचा आहे. सुनेला वाटलं वय झालं. दोन कुटुंबांत बोलणं बंद झालं त्यावरून. मशिन नंतर गेलं, बोलणं अजून सुरू नाही.

गोदाकाठ, शेजाऱ्यांना आधी विचारा एवढंच सांगणं. आणि ड्राय बाल्कनीत पाइप गॅसचा मीटर किंवा सिलिंडर असेल तर हा विषय तिथेच सोडा.

सोल्डरगन

मी पुण्यात असली मशिनं दुरुस्त करतो. जुनं मशिन घेताना काय बघायचं ते लिहितो, इतरांनाही उपयोगी पडेल.

पहिलं, घरी न्यायच्या आधी मेव्हण्यांच्या जागीच चालवून बघा, किमान तासभर. डॅशबोर्डवर तिन्ही हॅशबोर्ड (आकडेमोडीच्या चिपा बसवलेले बोर्ड) दिसले पाहिजेत आणि तिन्हींवर चिपांची संख्या सारखी. एका बोर्डवर शून्य किंवा कमी चिपा दिसत असतील तर ९५ चे ६३ होतील, पण वीज त्या प्रमाणात नेमकी कमी होत नाही. मग लॉग उघडून तापमान आणि व्होल्टेजच्या ओळी वाचा. बंद केल्यावर टॉर्च मारून हीटसिंकमध्ये बघा. कोकणातून आलेल्या मशिनांत हिरवट बुरशीसारखा गंज असतो, विदर्भातून आलेल्यांत धूळ घट्ट बसलेली. धूळ ब्लोअरने निघते. गंज लागलेला बोर्ड मी सहसा हातात घेत नाही, एक चिप बदलली की पुढच्या महिन्यात शेजारची जाते.

कॉम्प्रेसरची हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भन्नाट फिरला तर तो जनरेटरसारखा उलटी वीज बोर्डात सोडतो.

दुसरं, फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर. जुन्या मशिनांत आधीच्या कुणीतरी घातलेलं भलतंच सॉफ्टवेअर असू शकतं. तुमचा काही हॅशरेट गुपचूप दुसऱ्याच्या पत्त्यावर जातो, तुम्हाला दिसतं सगळं ठीक. म्हणून कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर उतरवून एसडी कार्डने नव्याने टाका, मगच नेटला जोडा. पासवर्ड मुळात 'रूट-रूट' असतो, तो त्याच वेळी बदला.

तिसरं, जोडणी. एस-१९ ला वायफाय नाही, लॅन केबलच लागते. डेटा अगदी कमी जातो, साध्या ब्रॉडबँडवर चालतं. राउटरच्या यादीत मशिनचा आयपी शोधा, ब्राउझरमध्ये टाका, पूलच्या तीन जागा असतात त्या तिन्ही भरा, म्हणजे एक पूल बंद पडला तर ते दुसऱ्याकडे वळतं. वर्करच्या नावात (पूलवर मशिनला द्यायच्या नावात) स्वतःचं खरं नाव घालू नका.

वीज कमी करायची सोयही आहे. काही फर्मवेअरमध्ये व्होल्टेज-फ्रीक्वेन्सी उतरवून मशिन दोन किलोवॅटच्या आसपास चालवता येतं. हॅशरेट पडतो, पण वीज त्याहून जास्त पडते, म्हणजे युनिटमागची कमाई सुधारते. पंख्यांचा आवाजही बराच उतरतो. पण १५ रुपयांच्या युनिटला यानेही फायदा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. नवं एस-२१, २०० टेराहॅश ३५०० वॅटला देतं, तेही हिशेबींच्या गृहीतकांवर युनिटला दहा-पावणेअकरा रुपयांच्या पुढे जात नाही.

पाऊलवाट

माझ्याकडे २०२१ चा सहा ग्राफिक्स कार्डांचा रिग धूळ खात पडलाय. इथेरियम करायचो. त्याचं काही होऊ शकतं का?

सोल्डरगन

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेक या मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि त्या दिवसापासून ग्राफिक्स कार्डांनी ते काढणं संपलं. बाकीची नाणी विजेचा खर्च भरून काढत नाहीत. कार्ड विकून टाका.

विकण्यापूर्वी चालवून दाखवणार असाल तर राइझरच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पट्टीच्या) केबली आधी बघा. बऱ्याच रिगमध्ये राइझरला साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कला लागतो तो, पॉवर कनेक्टर दिलेला असतो. तो १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतचा, आणि कार्ड त्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. त्याच कनेक्टरचं काळं प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलेलं मी असंख्य वेळा सोडवलंय. सहा पिनांचा कनेक्टर द्या, आणि एका केबलीवर दोनपेक्षा जास्त राइझर नकोत.

मुळशीकर

घरी मशिन नको म्हणून कुणी "तुमच्या नावाने आमच्याकडे मायनिंग करतो, महिन्याला ठरलेला परतावा" म्हणत असेल तर तिकडे जाऊ नका. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के, १८ महिने, असंच सांगितलं होतं. २०१८ मध्ये ती चालवणाऱ्यांना पुणे पोलिसांनी अटक केली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी जणांचे निवृत्तीचे पैसे त्यात अडकलेले होते. वर हिशेबींनी जो आकडा काढलाय तो बघा आणि मग ठरवा, महिन्याला १० टक्के कुठून येणार होते.

खडकवाडी

आमच्याकडे गावाला रानात मोटारीची थ्री फेज लाइन आहे, बिल नाममात्र. तिथल्या खोलीत एक फेज घेऊन मशिन लावलं तर कुणाला कळणार?

तारमास्तर

खडकवाडी, हे करू नका. आधी कायद्याचं: शेतीपंपाची जोडणी पाण्यासाठी दिलेली असते, तिच्यावर दुसरं काही चालवलं तर वर लिहिलेलं कलम १२६ सरळ लागू होतं. मीटरच्या आधीच तार टाकली तर ती चोरी, कलम १३५.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मशिन टिकणार नाही. शेतीच्या लाइनवर दिवस-रात्रीच्या पाळ्या असतात, फेज येतो-जातो. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज १७०-१८० वर येतं, सगळ्या बंद झाल्या की २६० वर जातं. आणि खरा धोका न्यूट्रलचा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की ज्या फेजवर भार कमी त्या फेजवर ३५०-४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. घरातले बल्ब, टीव्ही, फ्रीज एका क्षणात जातात, तुम्ही पाहिलं असेल. त्याला स्टॅबिलायझर पुरत नाही, तोच आधी जळतो.

शहरातही हे होतं, कमी प्रमाणात. म्हणून मी कुठल्याही महागड्या मशिनच्या लाइनला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायला सांगतो. डीबीच्या पट्टीवर एमसीबीच्या शेजारी बसतो, समोर व्होल्टेजचा आकडा दिसतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तोडतो आणि पुन्हा सुरळीत झाल्यावर थोडं थांबून जोडतो. घराच्या मेनलाच बसवलात तर फ्रीज-टीव्हीही वाचतात. या धाग्यातून कुणी एवढं एक जरी बसवलं तरी माझं लिहिणं कामी आलं.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आमच्या ड्राय बाल्कनीत पाइप गॅसचा मीटर आहे, त्यामुळे सचिवांनी लिहिलेल्या ओळीवरच निम्मा निर्णय झाला. बाकीचा हिशेबी आणि लेखापाल यांच्या ३.७६ वर. मेव्हण्याला कळवलं की मशिन नेत नाही. त्याला हा धागाही पाठवला. त्यानेही ते चालवायचा विचार सोडला, सोल्डरगन यांना व्यनि (खासगी निरोप) करेल विकण्यासाठी.

तरीही मला हे शिकायचं आहे हे मनात कायम आहे. मुलगी नववीत आहे, तिला ब्लॉक, हॅश हे सगळं प्रत्यक्ष दाखवायचंय. कमाई नकोच. बिटॅक्स नावाचं छोटं ओपन सोर्स मशिन मिळतं असं वाचलं. ते टेबलावर चालेल का? त्याला काय लागतं?

हिशेबी

हे आवडलं. बिटॅक्सचं गॅमा हे मॉडेल साधारण १.२ टेराहॅश देतं, वीज १८ वॅटच्या आसपास. महिन्याला १३ युनिट, १५ च्या भावाने १९५ रुपये. पूलवर लावलं तर रोज पाच-साडेपाच रुपयांचे सातोशी. सोलो लावलं, म्हणजे एकट्याने ब्लॉक शोधायचा, तर ८०० एक्साहॅशच्या हिशेबाने वर्षभरात ब्लॉक लागण्याची शक्यता १२,७०० त एक. मुलीला हाच भागाकार करायला द्या. दर २०१६ ब्लॉकनंतर डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड ते) बदलते, साधारण दोन आठवड्यांनी, तेव्हा पुन्हा करायला लावा. आकडा का बदलला हे तिला स्वतःला सापडेल.

सोल्डरगन

चालेल, छान चालेल. वायफाय आहे, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ. तुमच्या राउटरवर २.४ आणि ५ ला एकच नाव असेल तर वेगळी नावं द्या, नाहीतर जोडताना त्रास होतो. स्क्रीनवर चिपचं तापमान दिसतं, ६० च्या आसपास ठेवा. मे महिन्यात पंख्याखाली ठेवावं लागेल.

आणि एक महत्त्वाचं. गॅमाला ५ व्होल्ट लागतात, पण त्याची पीन राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरच्या पिनेसारखीच आहे, सहज आत बसते. घरात असले काळे अडॅप्टर चार-पाच पडलेले असतात. १२ व्होल्टचा लागला की बोर्ड त्याच क्षणी जातो, दुरुस्तही होत नाही. ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या. मोबाइलचा चार्जर पुरणार नाही, पिनेचा कन्व्हर्टर लावूनही नाही.

तारमास्तर

अडॅप्टर आला की त्याच्या वायरीवर दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा आणि मार्करने '५ व्होल्ट' लिहा. घरात दुसरं कुणी साफसफाई करताना प्लग काढून परत लावतं, तेव्हा ते उपयोगी पडतं. हे १८ वॅट तुमच्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर आयुष्यभर चालतील.

वॉशिंग मशिनचा तो पॉइंट मात्र एकदा उघडून बघाच. मेन बंद करून सॉकेटचे तिन्ही स्क्रू आवळा. नवीन इमारतीत दोन-तीन वर्षांत ते सैल झालेले असतात.